आईंनी रंगवलेली फायरप्लेस

पांढरा रंग आणायला आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि माझ्या सासूबाई. शनिवारची सकाळ होती. दुकानात पांढऱ्याच्या इतक्या छटा मांडलेल्या, की मी नुसती कार्डं उलटीपालटी करत बसले. आईंनी ती सगळी हात लांब करून एकदा पाहिली आणि म्हणाल्या, "पांढरा म्हणजे पांढरा. यांना एवढी नावं सुचतात तरी कुठून!" आणि एका कार्डावर बोट ठेवलं. तू आत्ता दारातून आल्या आल्या ज्याच्याकडे बघत राहिलीस ना आश्लेषा, तोच हा रंग.

सगळ्यांचं असंच होतं. लोक आधी फायरप्लेसकडे बघतात आणि मग मला हॅलो म्हणतात. कोणाकडून करून घेतलंत, विचारतात. अगं, कोणाकडून कशाला? पदर खोचून, गुडघे दुखत असताना, आईंनी रंगवलीय ती. सासूचं कौतुक करणारी सून तू पाहिली नसशील, तर आज बघून घे. तो कोपऱ्यातला दिवा तेवढा लाव आणि बस अशी.

मागच्या वर्षीची गोष्ट, दोन हजार सहाची. मॉरिसव्हिलमध्ये जो तो नवं कोरं घर घेत होता, आणि आमच्या नवरोबाला, श्रीरंगला, मात्र जुनं, विटांचं, मोठ्या झाडांचं घर हवं होतं. हे मिळालं. हॉलमध्ये ही जमिनीपासून छतापर्यंत लाल विटांची फायरप्लेस, तोंडाशी काळीकुट्ट. आई साताऱ्याहून इथे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या त्या. आवाज न चढवता अख्खा वर्ग गप्प बसवणाऱ्या. मी तर लग्नानंतर दोन वर्षं त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसले नव्हते.

नव्या घरात दूध उतू घालवायचं म्हटल्यावर मी आपलं पातेलं इलेक्ट्रिक स्टोव्हवर ठेवलं. आई म्हणाल्या, "छे! त्या तापलेल्या तारेला काय अग्नी म्हणायचं? घरात चूल आहे ना चांगली." आणि फायरप्लेसमध्ये लाकडं पेटवायला लावली. धूर असा झाला म्हणतेस! स्मोक अलार्म बोंबलतोय, श्रीरंग स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालतोय, आणि आई शांतपणे दुधाकडे बघत बसलेल्या. दूध उतू गेलं, विटांवर चरचरलं. मग त्यांनी साखरभाताची वाटी पुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "या घराचं मूळचं जे कोणी असेल, त्यानं जेवायला यावं. गोड मानून घ्यावं."

आपल्यात म्हणतातच की असं. मीसुद्धा हात जोडले. त्या दिवसापासून स्वयंपाक झाला की पहिली वाटी फायरप्लेसपुढे जायला लागली. संध्याकाळी ती रिकामी असायची. आम्हाला वाटायचं आमची शिवांगी खाते. पाच वर्षांची पोर, खाल्लं तर खाल्लं.

मग शिवांगी आमच्याबरोबर जेवेनाशी झाली. पान वाढलं की म्हणायची, "आय ऑलरेडी एट." कुठे खाल्लंस, तर फायरप्लेसकडे बोट. आणि पोर वाळत चालली गं. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. मनगटं माझ्या दोन बोटांत मावायची. एकदा तोंड पुसायला गेले तर ओठांच्या कोपऱ्यांत काजळी. दातांवरही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले आयर्न कमी आहे, अशी मुलं माती-राख खातात, ती फायरप्लेस आधी स्वच्छ करून रंगवून टाका. हे माझ्या मनाला पटलं. म्हणून आम्ही रंग आणायला गेलो होतो.

आता आईंचं काम ऐक. मी आपली लागले होते थेट रोलर घेऊन. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. आधी तारेच्या ब्रशने एकेक वीट घासली, साबणाच्या पाण्याने धुतली, वाळू दिली. मग प्रायमर. विटांमधल्या खाचांत रोलर पोचत नाही, तिथे त्या बारीक ब्रश घेऊन बसल्या. रविवारी दुपारपर्यंत घर असं उजळलं, की माझ्याच घरात मी पाहुणीसारखी उभी राहून बघत होते. म्हटलं, आई, तुम्ही कमाल आहात. त्या म्हणाल्या, "हात चालव. कमाल नंतर."

फक्त फायरप्लेसच्या तोंडाच्या डाव्या बाजूची कड वाळेना. बाकी सगळं कोरडं ठणठणीत, आणि तिथे रंग ओलाच. हात लावला तर वीट कोमट. आत विस्तव पेटून कित्येक आठवडे झाले होते.

मी पाणी प्यायला आत गेले. परत आले तर आई वाकून त्या कडेकडे बघत होत्या. ओल्या रंगात चार बोटं उमटली होती. लांब, बारीक बोटं. आतून बाहेर आलेली... चौकटीला धरून कोणी बाहेर यायला बघतं ना, तशी.

"शिवांगी असेल," मी म्हटलं.

"शिवांगीचा हात एवढा आहे का?" आई हळूच म्हणाल्या. "तू पोरीजवळ जा, नीला. ती झोपलीय तिथे बस. मी हाक मारेपर्यंत येऊ नकोस."

पण बेडरूमचं दार उघडंच होतं. मी शिवांगीला कुशीत घेऊन बसले होते, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

आई बुटक्या स्टुलावर बसल्याचा आवाज आला. मग त्या बोलल्या, मराठीतच, शाळेत रडणाऱ्या मुलीशी बोलावं तशा आवाजात. "ये... बाहेर ये. लपू नकोस."

घरात उतू गेलेल्या दुधाचा करपट वास सुटला. स्टोव्हवर काही नव्हतं.

"किती वर्षं गं उपाशी?" आई म्हणाल्या. मग, "अगंबाई..." आणि त्यांचा आवाज जरा कापला. आश्लेषा, त्यांचा आवाज मी आयुष्यात तेवढाच एकदा कापलेला ऐकलाय. "असो. मी बोलावलं तुला, आता मीच कशी हाकलू? पण लेकराच्या पानावरून ऊठ. माझ्या पानात जेव. मी जिथे जाईन तिथे ये, माझ्या बरोबरीने बस. पण मी निघाले की या घरात परत यायचं नाही. कबूल?"

मी शिवांगीला इतकं घट्ट धरलं, की ती जागी झाली. चिमणीच्या आतली लोखंडी झडप धाडकन आपटली. आणि शिवांगी डोळे चोळत म्हणाली, "मम्मा, भूक लागली."

वरणभात खाल्लान् पोरीने, परत मागून खाल्लान्. मी वाढत होते आणि रडत होते. बाहेर आई त्या चार बोटांवरून ब्रश फिरवत होत्या. रंगाचा दुसरा हात दिला, तेव्हा कड पटकन वाळली. रात्री श्रीरंगला सांगितलं तर म्हणे, पेंटचा वास डोक्यात चढला असेल यार. यांचं आपलं काहीतरीच!

त्यानंतर शिवांगीने पुन्हा अंग धरलं. आणि आई अंगाने उतरायला लागल्या. पान समोर घेऊन बसायच्या, भात कालवायच्या, आणि थोड्या वेळाने पान रिकामं असायचं. खाताना मात्र मी त्यांना पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "जेवले की. तू तुझं बघ." कुरकुर नाही, कण्हणं नाही. मी सख्ख्या आईचं नसेल केलं एवढं त्यांचं कौतुक मनातल्या मनात केलं. एके दिवशी त्यांनी बॅग काढली. मुक्काम बाकी होता. श्रीरंग रागावला, मी पाया पडले, पण त्या ऐकेनात.

"मी इथे असेपर्यंत तीही इथेच," एवढंच मला म्हणाल्या. "मला लवकर जाऊ दे."

निघायच्या दिवशी श्रीरंग गाडीत सामान भरत होता. मी दारात त्यांच्या पाया पडले आणि आत पळत जाऊन चमचाभर दही आणलं. आपण घालतोच ना गं हातावर, गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून. लहानपणापासून बघत आलोय. मला दुसरं काही सुचलंच नाही. त्या परत याव्यात, एवढंच होतं मनात.

आईंनी हात पुढे केला नाही. पदराखाली घेतला.

"नको, नीला. मला दही नको घालूस. मी परत यायची नाही... मला एकटीला येता यायचं नाही." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून पायऱ्या उतरल्या. त्या गाडीत बसल्या, काच वर झाली. मी दारातच उभी, डोळे भरलेले, दह्याचा चमचा तसाच पुढे धरलेला.

मागून हॉलमधून शिवांगी म्हणाली, "बाय, आजी." आणि थोडं थांबून, "बाय, लेडी."

मी डोळे पुसले आणि हाताकडे पाहिलं. चमचा चाटून पुसून लख्ख झाला होता.