संत मरिनाची भुवई

इवान्थियाने ग्रीसमधल्या कास्तोरिया गावच्या त्या बुटक्या चर्चमध्ये पाऊल टाकलं न टाकलं, तोच काजळीने माखलेला कापसाचा बोळा टपकन तिच्या डोक्यावर पडला!

"माफ करा हं... सटकला!" परांचीवरून एक दाढीवाला चेहरा डोकावला.

"बोळा सटकला की डोकं?"

तो खो खो हसला. जुन्या बायझंटाईन चर्चचा जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळात तो नवाच आला होता, नाव अर्गिरीस. तो भिंतीवरची चित्रं साफ करायचा आणि ती खाली छताची, भिंतींची मापं घ्यायची. पहिल्या दिवशी तो तिच्या अगदी डोक्यात गेला. पण मग तळ्याकाठची कॉफी, एकाच बशीतली पालकाची खुसखुशीत 'पाई', उगाचच लांबवलेल्या गप्पा... डोक्यातून तो मनात कधी उतरला, ते बिचारीला कळलंच नाही.

मात्र परांचीवर तो तिला फिरकू देत नसे. "पूर्ण झालं की दाखवतो," एवढंच म्हणायचा.

आज मंडळाच्या अध्यक्षा पोलिक्सेनीबाई काम बघायला येणार होत्या. न राहवून इवान्थिया वर चढली — आणि जागीच थिजली.

समोर संत मरिना होती. डावी भुवई वर चढलेली, हनुवटीवर खळी, लांब नाक जरासं उजवीकडे झुकलेलं. अगं बाई, ही तर आपणच!

"अर्गिरीस! हे काय करून ठेवलंस?"

"इवा, ऐक तरी —" तो तिच्या मागोमाग वर चढत म्हणाला.

"काय ऐकू? संत मरिनाला माझं तोंड चिकटवलंस? पदरचं काही रंगवायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम! बाई आजच्या आज हाकलतील तुला!"

मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या, खोटं कशाला बोला! पण त्याला असं जाऊ देऊन कसं चालेल? नवी डागडुजी जलरंगाची असते, पाण्याने निघते. तिने कापूस भिजवला आणि भुवई पुसली.

कापूस पांढराच!

खळी पुसली. पांढराच. हा रंग शेकडो वर्षांपूर्वीचा होता.

"मी फक्त काजळी काढली गं," तो हळूच म्हणाला. "आधी भुवई दिसली... वाटलं, भास असेल. मग खळी दिसली, आणि माझं अंगच गार पडलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाटलं असतं, या चेहऱ्यापायी तुझ्यामागे लागलोय."

"आणि तसं... नाहीये?"

"तुझ्यावर बोळा पडला ना, तेव्हा ही नखशिखांत काळी होती. मी तेव्हाच कामातून गेलो होतो."

तेवढ्यात शिडी करकरली आणि पोलिक्सेनीबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग इवान्थियाकडे पाहिलं.

"पानायिया! मेरीमाते!" त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "कुणाचा हा चावटपणा?"

इवान्थियाने ओला कापूस पुढे केला. बाईंनी पुसून पाहिलं, पुन्हा पुसलं आणि मटकन फळीवर बसल्या.

"पोरी... ही तुझीच कुणी पूर्वज दिसते. तुझं घराणं कुठलं गं?"

"इथलंच, बाई. पिढ्यान्‌पिढ्या याच गल्लीतलं."

"आणि याचं?"

अर्गिरीस तोंड उघडणार, तेवढ्यात इवान्थियाने बाईंच्या देखत त्याचा काजळीने बरबटलेला हात घट्ट धरला.

"तोसुद्धा... आता आमच्याच घरचा."