कुवरसिंगच्या पाड्याची सुपारी

कंदिलाची वात खाली घे रे अभिमन, डोळ्यांवर येतेय. आणि सारखं मागे वळून बघायचं असेल तर भिंतीला टेकून बस. भुताची गोष्ट तुम्हीच मागितलीत. मध्ये कोणी हसलं तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवतो.

ही जीवरामची गोष्ट. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा एक झरा आहे, तिथल्या धर्मशाळेचा तो कारभारी. मी तिथे सहा वर्षं आचारी होतो. जागेचं नाव घेत नाही, अजून माणसं जातात तिथे. कार्तिकात गावोगावचे मेळे सात-सात दिवस राहायला यायचे. झऱ्यावर अंघोळ, रात्री भजन आणि माझ्या हातचं वरण-बट्टी. प्रत्येक गावाची उतरायची ओवरी ठरलेली असायची. दसऱ्याच्या आसपास त्या गावाहून फडक्यात बांधलेली सुपारी यायची. जीवराम ती देवापुढे ठेवायचा. ठेवली की जागा त्यांची, मग कलेक्टर आला तरी ती ओवरी दुसऱ्याला मिळायची नाही. आणि एखाद्या मेळ्याला येऊ नका म्हणायचं असेल, तर एकच रीत होती. कारभाऱ्याने स्वतः त्या गावी जाऊन सुपारी हातात परत द्यायची.

एकोणीसशे अठरा सालचं सांगतोय. मानमोडीचा ताप आला होता ते वर्ष. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुसऱ्या दिवशी नसायचा. कार्तिकातल्या पहिल्याच मेळ्यातली दोन माणसं आमच्या ओवरीत दगावली. धर्मशाळेचे पंच जमले, म्हणाले, यंदा मेळे बंद, सगळ्यांच्या सुपाऱ्या परत करून ये. ठरवलं ते बरोबरच होतं. मी आजही तेच म्हणेन.

जीवराम सुपाऱ्या पिशवीत टाकून निघाला. सावद्याला गेला, पहूरला गेला, वरणगावला गेला. लोकांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, वेळेवर कळवलंस म्हणाले. आठ दिवसांनी परत आला तेव्हा पिशवीत एकच सुपारी उरली होती. डोंगरातल्या कुवरसिंगच्या पाड्याची. वाट चढाची, जंगलातली, आणि तिकडे घरोघर माणसं आजारी पडलीत अशी बातमी. जीवरामचे पाय सुजले होते. त्याने मला विचारलं, जाऊ का नको?

मी काय म्हणालो, ऐका. म्हणालो, पाड्यावरची माणसं ती, त्यांना काय, कळेल आपोआप.

सावद्याच्या माणसाबद्दल मी असं बोललो नसतो. लाज वाटते सांगताना. वाटू दे.

त्या पाड्याची पाळी कार्तिक वद्य अष्टमीपासून होती. त्या रात्री आम्ही जेवून मोठं दार लावलं आणि कडी वाजली. जीवरामने दारातली खिडकी उघडली. बाहेर चौदा माणसं. पुढे कुवरसिंग, त्याच्यामागे त्याची म्हातारी आई बुधीबाई, घोंगडीत गुरफटलेली, खोकत होती. जीवराम म्हणाला, मेळे बंद आहेत, परत जा.

कुवरसिंग शांतपणे म्हणाला, "भाऊ, सुपारी परत उनी नही, म्हनीसन उनूत."

सुपारी परत आली नाही, म्हणूनच ते आले होते. खरं सांगायला किती वेळ लागला असता? माझं चुकलं, मी आलो नाही, एवढंच. बाहेरच्या गोठ्यात गवत होतं, तिथे त्यांना निजवता आलं असतं. मला भाकरी टाकता आल्या असत्या, पीठ मळायला कितीसा वेळ लागतो. पण आपण काम टाळलं हे पंचांना कळेल, म्हणून जीवराम घाबरला.

तो म्हणाला, "मी परत धाडली होती. तुमच्यातच कोणीतरी ठेवून घेतली असेल."

मी त्याच्या मागेच उभा होतो. 

कुवरसिंगने वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. मग त्याने हात जोडले. "मंग आमनीच चूक, भाऊ."

ती माणसं समोरच्या चिंचेखाली बसली. थंडी अशी होती की आत पांघरुणातही झोप येईना. म्हातारीचा खोकला रात्रभर ऐकू येत होता. पहाटे थांबला. उजाडल्यावर पाहिलं तर चिंचेखाली कोणी नव्हतं.

महिन्याभराने बाजारात त्याच पाड्यावरचा बिजला भेटला. चौदातली नऊ वाटेतच गेली, म्हणाला. कुवरसिंग घरी पोचला आणि पाचव्या दिवशी तोही गेला. बिजला आमच्याशी भांडला नाही. एवढंच म्हणाला, की ते पाच दिवस कुवरसिंग तापात घरोघर जाऊन विचारत होता, सुपारी कोणी घेतली? सांगा, मी रागावणार नाही. आता पाड्यावर कोणी कोणाचं पाणी पीत नाही, म्हणाला.

जीवराम तिथेही बोलला नाही. मीही नाही. सुपारी त्याच्या पेटीतच होती.

पुढच्या वर्षी मेळे पुन्हा सुरू झाले. तिसरी ओवरी कुवरसिंगच्या पाड्याची. त्यांच्याकडून सुपारी आली नाही. जीवरामने ती ओवरी कोणाला दिली नाही, तिथे झाडूही मारला नाही. धूळ बोटभर साचली होती.

कार्तिक वद्य अष्टमी आली. चंद्र उगवायला वेळ होता. मेळे निजले होते. मी चुलीवर राख ओढत होतो. जीवराम दाराशी बसला होता.

कडी वाजली.

जीवरामने खिडकी उघडली. दिवा बाहेर धरला. कोणी नाही. खिडकी लावली.

कडी वाजली.

मी म्हणालो, वारा असेल. पण चिंचेचं पान हलत नव्हतं...

जीवराम उठला. अडसर काढला. दोन्ही फळ्या सताड उघडल्या. बाहेर अंधार. आणि मग... पावलं. दगडावर. अनवाणी. एक गेलं, दुसरं गेलं. आमच्या मधून. मी मोजत होतो, थांबवता येईना. नऊ. मग बराच वेळ काही नाही... आणि एक, घासत घासत चालणारं. दहा.

जीवराम खाली बसला. अंधाराकडे बघून बोलला, पण आवाज स्वच्छ होता.

"कुवरसिंग, सुपारी मी परत केली नव्हती. तुमच्यातल्या कोणीही घेतली नाही. मी खोटं बोललो."



आता माझी पाळी होती. नको जाऊस असं मीच सांगितलं, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलं. परत मिटलं. आज तुम्हाला सांगतोय, तेव्हा तिथे नाही सांगितलं. तिसऱ्या ओवरीत कोणीतरी खोकलं. एकदाच. मग काही नाही.

उजाडायच्या आत जीवरामने पेटीतून सुपारी घेतली आणि पाड्याची वाट धरली. सगळ्यांना गोळा करून सांगतो, म्हणाला. मी बरोबर गेलो नाही. तो त्या नोकरीवर पुन्हा आला नाही.

सूर्य वर आल्यावर मी तिसऱ्या ओवरीत गेलो. धूळ नव्हती. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत जमीन शेणाने सारवलेली, बोटांचे फराटे दिसत होते. मेळ्यांची रीतच असते तशी, जो राहून जातो तो जाताना जागा सारवून देतो.

आम्ही तर त्यांना जागा दिलीच नव्हती.

मी वाकून हात लावला. ओलं होतं.