चावी निघाली

"कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय," बाई म्हणाली.

आक्का खासगी तपास करायची. तिचा धाकटा भाऊ सामान उचलायचा आणि घाबरायचा. दुसरं काम तो जास्त मन लावून करी.

बाईच्या घराचं फाटक उताराच्या तळाशी. त्याची किल्ली गाडीच्या चावीच्याच कडीत. म्हणून रोज उतारावर गाडी थांबवायची, चाकं जखडायला गिअर पार्कवर टाकायचा, चावी काढायची आणि उतरून कुलूप उघडायचं. गिअर पार्कवर नसेल तर आतला विजेचा खटका चावी सोडत नाही. त्या भरवशावर घरात हँडब्रेकला कुणी हात लावत नसे.

काल बाई कुलपाशी वाकली आणि मागून गाडी आली. बाई बाजूला कोसळली म्हणून वाचली.

"चावी सहज निघाली?" आक्कानं विचारलं.

"पहिल्याच झटक्यात! एरवी महिनाभर पार्कवरसुद्धा अडकायची. गिअरची लिव्हर मागेपुढे हलवत चावी ओढत राहायचं, तेव्हा कुठं निघायची. कालच्या आधी दोन दिवस गाडी नवऱ्याकडे होती."

"घरात भांडण?"

"लेकीला घेऊन माहेरी जाते म्हटलं. तेव्हापासून नवऱ्याचीच धास्ती वाटते."

बाईच्या घरी पोचल्यावर आक्कानं गाडीच्या स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. एक छोटा प्लग लोंबत होता.

"हा त्या खटक्याचा. निघाला की चावी कुठल्याही गिअरमध्ये निघते."

"आपोआप सुटला असेल," भाऊ म्हणाला.

"याची पकड शाबूत आहे. दाबून काढलाय. जा, घरातल्या सगळ्यांना बोलाव, गाडीच्या मेकॅनिकलाही."

भाऊ वळला तेव्हा मागं टक् असा आवाज झाला. आक्कानं टॉर्च बंद केला असावा.

मेकॅनिक आला. "पार्कचा स्विच खराब झालाय, म्हणून चावी अडकते. नवा मागवलाय. तो येईपर्यंत मी कशालाच हात लावलेला नाही."

नवरा म्हणाला, "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. हिचीच चूक. लिव्हर राहिली असेल अधेमध्ये."

"वहिनी, दादाकडून शिक जरा," नणंद म्हणाली. "हल्ली हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरत नाही. आधी मलाच हसायचा, पार्क असताना हँडब्रेक कशाला म्हणून!"

आक्का बाईला बाजूला उभं करून गाडीत बसली. "चौघं फाटक धरा. भाऊ, तूसुद्धा. हलायचं नाही."

भाऊनं तो लोंबता प्लग पाहिला होता. तरी त्यानं गज घट्ट धरला. आक्काचा शब्द मोडायची भीती गाडीच्या भीतीहून जुनी होती.

गाडी उतारावर थांबली. आक्कानं लिव्हर हलवली, इंजिन बंद केलं आणि चावी खिडकीबाहेर धरली. "निघाली!" तिनं ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी किंचित हलली.

मेकॅनिक जांभई देत उभा होता. नणंद पदर सावरत होती. नवऱ्यानं मात्र बाजूच्या गटारात उडी घेतली.

गाडी जागच्या जागी थांबली.

"चावी निघाली की गाडी पार्कवर, हे या घरात सगळे धरून चालतात," आक्का उतरत म्हणाली. "म्हणून हे दोघे निर्धास्त. प्लग निघालाय हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि ज्यानं काढला त्याला. मी तो परत लावला, तेव्हा भाऊची पाठ होती; आत्ता गाडी पार्कवरच होती. बायको लिव्हर हलवता हलवता चावी ओढते, हे तुम्हाला ठाऊक होतं. एक ना एक दिवस ती अधेमध्येच निघणार होती. म्हणून स्वतः मात्र हँडब्रेक ओढू लागलात."

"मी घाबरून उडी मारली!"

"दादा," नणंद हळूच म्हणाली, "मी तुझ्या शेजारी उभी होते रे. मला ओढलंसुद्धा नाहीस?"

नवरा गटारातून वर आला. मेकॅनिकनं त्याचा दंड धरला. आक्कानं पोलिसांना फोन लावला.

बाईनं कडीतून फाटकाची किल्ली काढली.

"वन्सं, ही तुमच्याकडं ठेवा. लेकीला घेऊन येते, फाटक उघडा."

नणंदेनं कुलूप काढलं. फाटक काही उघडेना. भाऊनं गज अजून सोडला नव्हता.