अठरा पायऱ्यांचा जिना

"बाई, आम्ही छापायला घेतलेल्या पुस्तकात खुनाची कबुली निघालीय," संपादक फोनवर घाईघाईने सांगत होते. "पान एकशे त्रेचाळीस."

इन्स्पेक्टरबाई चहा तसाच टाकून उठल्या.

पुस्तक मोजूचं होतं. मोजू हे त्याचं घरातलं लाडाचं नाव. तिशीचा, स्वमग्न. गलका झाला की कान झाकून बसणारा, पण एकदा लिहिलेलं-वाचलेलं जन्मात न विसरणारा आणि दिसेल ते मोजणारा. आत्मचरित्र त्याने हाताने लिहिलं, थोरल्या भावाने पानाला पान जुळवून टाइप केलं. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे वडील जिन्यावरून पडून वारले होते. अपघात म्हणून फाइल बंद झाली होती. आता पान म्हणत होतं, 'मीच बाबांना ढकललं. सतरा पायऱ्या ते घरंगळत गेले.'

बाईंच्या वरच्या साहेबांनी निकाल लावूनही टाकला. चार वाजता गाडी येणार आणि मोजूला बंदिस्त मनोरुग्णालयात नेणार. तिथल्या आरडाओरड्यात हा पोरगा आठ दिवस टिकायचा नाही, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

वाचता वाचता त्या हरखून गेल्या. आठ हा आकडा त्याला ओल्या टॉवेलसारखा गार लागायचा. माणसं तो चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखायचा. घरचा जिना पुस्तकात आणखी पाच ठिकाणी होता. पाचही वेळा पायऱ्या अठरा.

तीन वाजता बाई त्या घरी पोचल्या. जिना चढताना त्यांनी मोजलं. सतरा. खाली उतरून पुन्हा मोजलं. सतराच.

वर थोरला भाऊ दारात उभा होता. "त्याला शिक्षा नको हो बाई, उपचार द्या."

"जिन्याला पायऱ्या किती?"

"सतरा."

"लगेच सांगितलंत! बारा वर्षं मी माझ्या घरचा जिना चढते, मला नाही सांगता यायच्या."

बाईंनी खोलीतला टीव्ही बंद केला आणि खिडकीपाशी बसलेल्या मोजूजवळ गेल्या.

"मोजू, पायऱ्या किती?"

"अठरा."

"मला सतराच सापडल्या."

"तुम्ही खालची जमीन सोडलीत. निघताना पाय तिथेच असतो. ती पहिली."

बाई थोरल्याकडे वळल्या.

"पुस्तकभर तो चुकलाय असं मला वाटलं. मग कबुलीतच तेवढा बरोबर कसा? कारण ते पान त्याचं नाहीच. भाऊ आकडा चुकत नाही, म्हणून तुम्ही जिना नीट मोजून घेतलात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

"मग तो नाकारत का नाही?"

"आमच्या माणसांनी त्याला विचारलं ते काय? 'हे पुस्तक तुझं का?' तो हो म्हणाला. पान त्याला कुणी दाखवलंच नाही, तुम्ही मध्ये उभे राहून बोलत होतात. नुसतं पान काढता येईना, कारण पुस्तक दोनशे बारा पानांचं आहे हे तो येईल त्याला सांगतो. म्हणून पानाच्या जागी पान आलं. छापील पुस्तक हाती पडेपर्यंत तो आत गेला असता. मग त्याचं ऐकणार कोण?"

"पुरावा काय?" थोरल्याचा आवाज चिरकला. "त्याच्या हातचं ते पान आहे कुठे?"

"मोजू, तू लिहिलेलं एकशे त्रेचाळिसावं पान म्हणून दाखव बरं."

मोजू खिडकीबाहेर बघत एका सुरात म्हणू लागला. "'दादा आणि बाबा जिन्याच्या वर भांडत होते. दादा म्हणाला, याला संस्थेत टाका, माझं आयुष्य चाललंय. बाबा म्हणाले, मी असेपर्यंत नाही. दादाने बाबांना ढकललं. मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, तू काही पाहिलं नाहीस. मी पाहिलं होतं.'"

"इतके दिवस बोलला का नाहीस रे?" बाईंनी हळूच विचारलं.

"लिहिलं होतं ना."

थोरला हमसून हमसून रडू लागला. मोजूने दोन्ही कान घट्ट झाकले. थोड्या वेळाने त्याने एक हात काढला, आत जाऊन पेला भरून आणला.

"दादा, पाणी."

बाईंनी बेड्या बाहेर काढल्या होत्या. पेला रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या.