निळ्या नाकाचा कैदी

"खुनी सापडला, त्याला शिक्षाही झाली. आता त्या पिंजऱ्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही," असं बजावून काकांनी मेलेलं पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ते हात धुवायला गेले.

झिपरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शुक्रवारची सकाळ, सुट्टीचा पाचवा दिवस, आणि हा असला न्याय!

झिपरी, तिचा थोरला भाऊ वकील आणि धाकटा टिल्लू सुट्टीत मावशीकडे आले होते. वकिलाचं हे नाव घरच्यांनीच पाडलेलं, कारण आंघोळीला जा म्हटलं तरी तो आधी चार मुद्दे मांडायचा. मावशी नर्स. ती प्रशिक्षणासाठी रविवारपर्यंत बाहेरगावी गेली होती, आणि मागच्या खोलीतली तिची बजरी पोपटांची जोडी काकांच्या हवाली होती. इवलीशी हिरवी जोडी आणि तिची चार पिल्लं. तीन घरट्याच्या लाकडी पेटीतून बाहेर पडलेली, चौथं अजून आतच.

बाहेर आलेल्या पिल्लांच्या मानेवरची पिसं कुणीतरी उपटलेली होती. बुधवारी काकांनी पाहिलं, तर बाप पिल्लाची चोच आपल्या चोचीत धरून मान गदागदा हलवतोय. झालं! मारकुटा म्हणजे बापच असणार, असं धरून तोच गुन्हेगार ठरला. त्याला छोट्या पिंजऱ्यात कोंडून काकांनी पक्षीवाल्याला फोन केला आणि शनिवारी पाच वाजता येऊन हे कजाग पाखरू घेऊन जा म्हणून सांगितलं. मावशीची परीक्षा आहे, तिला फोन करायचा नाही, हीसुद्धा ताकीद मुलांना मिळाली.

आणि आता एक पिल्लू गेलं होतं. बुधवारच्या मारानेच ते आतून खचलं असणार, असं काकांचं म्हणणं.

काका घड्याळजी होते. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद उचलायचे. एवढी बारीक नजर असलेला माणूस पोपटाच्या बाबतीत इतका आंधळा कसा, हे झिपरीला कळेना. काका पुढे गेल्याबरोबर ती पिंजऱ्यापाशी गेली. उरलेली दोन पिल्लं अंग फुगवून कोपऱ्यात बसली होती. तिने एकाला हळूच हातात घेतलं. गळ्याखालची दाण्यांची पिशवी भरलेली असली की कशी टम्म लागते, ते मावशीने मागच्या सुट्टीत तिला दाखवलं होतं. ही पिशवी पार रिकामी होती.

"पण वाटी तर काठोकाठ भरलीय," वकील म्हणाला.

झिपरीने वाटीवर फुंकर मारली. वाटीतला ढीग भर्रकन उडून वकिलाच्या तोंडावर आला. ती नुसती टरफलं होती! पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेलीच दिसते. तळाशी जेमतेम चिमूटभर दाणे होते. आई तेवढे वेचून खात होती. पिल्लांना अजून दाणा सोलताच येत नव्हता, आणि भरवणारा तिकडे तुरुंगात!

"म्हणजे तो मान हलवत होता ना, तेव्हा मारत नव्हता. भरवत होता," झिपरी म्हणाली. "आणि त्यालाच शिक्षा!"

"मग पिसं कोण उपटतंय?" वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

टिल्लू धावत जाऊन आपली चित्रकलेची वही घेऊन आला. पेटीतल्या पिल्लाचं चित्र त्याने बुधवारीच काढलं होतं. त्याला पाच पाय असले, तरी मानेवर पिसं मात्र भरपूर होती. वकिलाने पेटीचं झाकण उचललं. पिल्लाची मान आता टक्कल पडल्यासारखी दिसत होती, आणि आईच्या चोचीला पांढरी लव चिकटलेली होती.

वकिलाने वही मिटली. बाप बुधवारपासून कोठडीत आहे आणि पिसं त्यानंतर गेली आहेत, तेव्हा आरोपी निर्दोष सुटतो, असा निकाल त्याने तिथल्या तिथे दिला.

हे सगळं काकांना सांगायला झिपरी पुढे गेली, पण त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी जगाला वेळ दाखवतोय, मला पाखरं शिकवू नकोस, म्हणाले. झिपरी तरातरा परत आली. एक पिल्लू हकनाक गेलं होतं. उद्या पाचपर्यंत बाप गेला, की उरलेलीही जाणार होती.

मग तिला एक गोष्ट आठवली. नवरा-बायको दोघंही अगदी एकसारखे हिरवे. फरक फक्त चोचीच्या वरच्या नाकात. नराचं निळं, मादीचं तपकिरी. काकांना हे ठाऊक असतं, तर एवढ्या दिवसांत एकदा तरी त्यांनी ते बोलून दाखवलं असतं!

दुपारी वकिलाने आपलं घड्याळ काकांपुढे ठेवून विचारलं, की हे रोज दोन मिनिटं मागे का पडतं? काका खुलले आणि अर्धा तास बोलत राहिले. टिल्लू दाराशी पहाऱ्याला उभा राहिला. झिपरीने आईला पकडलं तेव्हा तिने बोटाला असा कडाडून चावा घेतला की रक्तच आलं, पण झिपरीने हूं की चूं केलं नाही. आई छोट्या पिंजऱ्यात गेली, बाप मोठ्या पिंजऱ्यात आला आणि दोन्हीकडे ताजे दाणे पडले. बाप क्षणभर इकडेतिकडे बघत राहिला, मग त्याने चटाचटा दाणे टिपले आणि पिल्लांकडे सरकला. पिल्लांनी चोची उघडून एकच कल्ला केला. झिपरीला रडूच आलं.

शनिवारी दुपारी काका पिंजऱ्यापाशी कौतुकाने उभे राहिले. पिल्लं टुणटुण उड्या मारत होती.

"बघा, तो दुष्ट हलवल्याबरोबर आई कशी जीव लावून भरवतेय. शेवटी आईची माया ती."

वकिलाने तोंडात रुमाल कोंबला. झिपरी मूग गिळून बसली.

बरोबर पाचला पक्षीवाला भोकांचा खोका घेऊन आला. काकांनी छोटा पिंजरा पुढे केला, तशी झिपरी मध्ये उभी राहिली.

"काका, आधी यांना सांगा ना, पिल्लांना कोण भरवतंय?"

"आई. आणखी कोण?"

"नक्की?"

"दिसतंय की ढळढळीत!"

पक्षीवाला मोठ्या पिंजऱ्याशी वाकला, मग छोट्याशी, आणि त्याने डोकं खाजवलं. "साहेब, भरवतोय तो नर आहे. नाक निळंय त्याचं. तुम्ही मला मादी देताय."

काकांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. या पिंजऱ्यापासून त्या पिंजऱ्यापर्यंत ते दोनदा जाऊन आले. झिपरीने पाखरांची अदलाबदल केल्याची कबुली दिली आणि टिल्लूने चित्र पुढे केलं. पक्षीवाला म्हणाला, पोरांचं बरोबर आहे. मादीला पुन्हा अंडी घालायची घाई झाली की ती आधीच्या पिल्लांना पिसं उपटून हाकलते. तिचाही दोष नाही, तिला थोडे दिवस वेगळं ठेवायचं असतं. पिल्लं बाहेर आली की त्यांना बापच सांभाळतो. एवढं सांगून तो रिकामा खोका घेऊन निघून गेला.

"ते पिल्लू माराने नाही गेलं, काका," झिपरी म्हणाली. "उपाशी मेलं. वाटीत नुसती टरफलं होती. तुम्ही एक फुंकर मारली असती, तर कळलं असतं."

काकांनी मोठ्या पिंजऱ्यातली वाटी बाहेर काढली आणि तिच्यावर हळूच फुंकर मारली.

रविवारी मावशी आली. सगळी हकीकत ऐकून तिने आधी झिपरीचं चावलेलं बोट धुऊन पट्टी बांधली. "माझ्या वॉर्डात तुमच्यासारखी तीन माणसं असती, तर मी निर्धास्त झोपले असते," ती म्हणाली. वकिलाने त्यावर एकही मुद्दा मांडला नाही.

आणि काका? घड्याळात धूळ दिसली की आधी रबरी फुग्याने फुंकल्याशिवाय ते चिमटा उचलत नसत. सोमवारी सकाळी टेबलावरचा तो फुगा त्यांनी स्वतः नेऊन पिंजऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला.

"रोज सकाळी आधी वाटी फुंकायची, मग घड्याळं," ते झिपरीला म्हणाले. "पोरी, मी तुझं ऐकायला हवं होतं."

झिपरीने मान डोलावली. तिचा राग बराचसा गेला होता. सगळा नाही. उरलेला तिने त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिल्लासाठी जपून ठेवला.