झाकणातले पाणी

ही हकिकत मी १७ जानेवारी २०२५ च्या रात्री, शिरूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या मागच्या पायरीवर, म्हस्कूमामांकडून ऐकली. मामा तेथे ॲम्ब्युलन्स चालवतात. माझा मित्र संघर्ष आणि मी, दोघे पदव्युत्तर विद्यार्थी, त्या महिन्यात तेथे प्रशिक्षणाला होतो.

घटना १० डिसेंबरची. “आवस न्हाई, पुनव न्हाई. साधा मंगळवार,” मामा म्हणाले.

सणसवाडीच्या कारखान्यातला मल्हारी त्या संध्याकाळी न्यूमोनियाने दाखल झाला होता. शिरूरला व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. दौंडला एक मिळाला. त्याला पोहोचवायला डॉ. सुमित निघाले. ते बौद्ध घरातले. पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, ही वडिलांची शिकवण. सकाळची वंदना मात्र ते कधी चुकवत नसत. अतिदक्षता विभागात आल्यापासून तीही सुटली होती. गाडीत चढताना मामांना म्हणाले, “रात्रभर जागायचं आणि पहाटे माणूस जातं. कुणासाठी म्हणू, मामा?”

दोनच दिवसांपूर्वी, रविवारी पहाटे, त्यांच्या पाळीत वडगाव रासाईच्या सरूबाई वारल्या होत्या. त्या पाणी मागत होत्या. पण गिळता येत नव्हते, पाणी फुफ्फुसात गेले असते. दाराशी त्यांची मुलगी रंभा तांब्या घेऊन उभी होती.

“डॉक्टर, आईच्या वठाला नुसतं वलं बोट लावू द्या. माज्या हातचं जाऊ द्या.”

डॉक्टर फार थकले होते. “सकाळी बघू,” म्हणाले. सकाळी सरूबाई नव्हत्या. मिश्रीने काळे झालेले ओठ कोरडेच राहिले.

“म्हणजे आता त्या येणार,” संघर्ष हसला. “भुताला ॲम्ब्युलन्समध्ये जागा मिळते का हो, मामा?”

“नातेवाइकाची शीट रिकामीच व्हती,” मामा म्हणाले, आणि त्यांनी बिडी विझवली.

न्हावरे गाव मागे पडले. मल्हारीने मास्क ओढून काढला.

“डॉक्टर… म्हातारीला पानी द्या.”

“कुठली म्हातारी? मास्क लाव.”

“ही काय, बसलीया. वठ काळं हायेत…”

मामांनी आरशात पाहिले. सीट रिकामी होती. डॉक्टरांनी मास्क लावला. त्याने काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. अशाने तो दौंड गाठणार नव्हता.

“आधी तिला…”

पारगावचा पूल आला. खाली भीमा. काळोख. मॉनिटर ओरडत होता.

“मामा… गाडी थांबवा.”

गाडी थांबली. डॉक्टरांनी आपल्या स्टीलच्या बाटलीचे झाकण पाण्याने भरले. रिकाम्या सीटवर ठेवले. हात सावकाश मागे घेतला.

“घ्या, आजी.”

…

मल्हारी शांत झाला. मास्क जागेवर राहिला. मामांनी गाडी थेट दौंडला नेली.

“त्याला आत नेलं,” मामा म्हणाले. “म्या मागं बघितलं, तर झाकण रिकामं. म्हनलं, खड्ड्यात सांडलं आसंल. शीटवर हात फिरिवला…”

“मग?”

“कोरडी.”

यातले जे पडताळता आले, ते मी पडताळले. सरूबाईंचा मृत्यू मल्हारी शिरूरला येण्याआधीचा. तो आज बरा आहे. त्याला त्या रात्रीचे काही आठवत नाही. डॉ. सुमित म्हणाले, “भूतबीत काही नाही. ऑक्सिजन उतरला की भास होतात.” बोलताना ते एका बेशुद्ध आजोबांच्या ओठांवरून ओला कापूस फिरवत होते. वंदना पुन्हा सुरू केलीत का, असे मी विचारले.

“नाही. सध्या एवढंच करतो.”

ते झाकण त्यांनी न धुता ठेवले आहे. मला दाखवले. कडेला अर्ध्या ओठाएवढा काळा डाग आहे. तो मिश्रीचा आहे की नाही, हे वास घेऊन कळले असते. मी झाकण नाकापर्यंत नेले… आणि परत दिले.