कृष्णवेणीचं स्ट्रेचर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मागच्या दसऱ्यात, आयुधपूजेच्या दुपारी, म्हैसूरला, हेब्बाळच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये.

माझा नवरा अमेय तिथे एका छोट्या विमानात स्ट्रेचर, ऑक्सिजन बसवत होता. जंगलातल्या वस्त्यांवरून आजारी माणसं आणायला ते विमान. सगळा पैसा दत्तोजीराव नावाच्या तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा. देवराज मोहल्ल्यातली दुकानं विकून दिलेला.

अट एकच. आत त्यांच्या मुलीचं स्ट्रेचर बसवायचं.

त्यांची कृष्णवेणी बाळंतपणाला निघाली होती. ॲम्ब्युलन्स कालव्यात उलटली. बाकीचे पोहून बाहेर आले...

ती त्याच स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेली होती.

असलं स्ट्रेचर कोणी पुन्हा वापरतं का? मी अमेयला म्हटलंही.

"तारा, गप बस. नाही म्हटलं तर विमानच नाही," तो म्हणाला.

पूजा झाली. विमानापुढे कोहळा फोडला. नट आवळायचे पाने, कात्र्या, कटर, सगळं कुंकू लावून टेबलावर मांडलेलं. तिथे त्या दिवशी हत्यार देवापुढे ठेवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही.

सगळे प्रसादाला बाहेर गेले. आत आम्ही तिघंच.

"पट्टे घट्ट आहेत का, बघू या की," दत्तोजीराव म्हणाले.

एरवी वाळूची पोती बांधून बघतात. पोती आणायला माणूस नव्हता. अमेय हसत स्वतःच आडवा झाला आणि पट्टे लावले.

खट्ट.

बाहेरचा नादस्वर थांबला... पंख्याची घरघरही गेली.

पंखा मात्र फिरत होता.

"अमेय, ऊठ आता."

तो उठेना. पट्टा आवळत चालला होता... कोणी ओढत नव्हतं.

त्याच्या छातीत कडकन वाजलं. बरगडी मोडली. मग दुसरी. तोंडातून रक्त आलं, आणि रक्तामागून गढूळ पाणी... शेवाळाच्या वासाचं.

बकल उघडेना. माझी नखं उखडली. मी टेबलाकडे धावले.

दत्तोजीराव आडवे आले. "बेडा अम्मा, बेडा. आज हत्याराला हात नको. आमची वेणी आहे ती, सोडेल."

"खड्ड्यात गेली तुमची पूजा," म्हटलं आणि म्हाताऱ्याला ढकलून दिलं. कटर उचलला. पट्टे कापले. अमेय खाली कोसळला.

कापलेलं टोक हललं...

ते दत्तोजीरावांच्या गळ्याला पडलं. त्यांना फरफटत स्ट्रेचरपाशी ओढलं. डोकं लोखंडी कडेवर आपटलं. पुन्हा. पुन्हा.

ते ओरडले नाहीत. "आलो ग वेणी," एवढंच म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, दत्तोजीरावांच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. कोरड्या शेडमध्ये माणूस बुडून मेला.

विमान आता उडतं. स्ट्रेचर नवं घातलंय. जीव वाचतात, खोटं कशाला बोलू. अमेयही वाचला.

पण झोपेत तो कोणाशी तरी बोलतो. परवा मी खडसावून विचारलं.

"वेणी येते," तो म्हणाला. "तिचे पट्टे कोणीच कापले नव्हते. 'मग तुझे कोणी कापले?' असं मला रोज विचारते. किती दिवस टाळलं, तारा. शेवटी तुझं नाव सांगितलं."

तेव्हापासून मी गाडीत सीटबेल्ट लावत नाही. पोलीस अडवतात. अडवू देत.